पांढरे ताट

गेल्या माघात आमच्या वसाहतीतील मंडळाने रक्ततपासणीचे शिबिर भरविले होते. शिबिर विनामूल्य होते म्हणून आम्ही सहकुटुंब गेलो, हे कबूल करण्यात आम्हांला संकोच वाटत नाही. मनात धास्ती होती ती आमच्या स्वतःच्या साखरेची. सौभाग्यवतींना नेले ते केवळ सोबतीला. चौथ्या दिवशी कागद हाती आले तेव्हा आमची साखर होती तेथेच होती, आणि सौभाग्यवतींच्या कागदावर हिमोग्लोबिनपुढे ८.१ हा आकडा छापलेला होता. प्रौढ स्त्रीच्या बाबतीत तो निदान १२ असावा, ही माहिती आम्ही शाळेत आरोग्यदिनी प्रार्थनेनंतर गेली कित्येक वर्षे मुलांना सांगत आलो आहोत.

जिने चढताना तिला लागणारी धाप, संध्याकाळी "जरा टेकते हं" म्हणून भिंतीला पाठ लावणे, नखांचा उडालेला रंग, हे सारे आमच्या डोळ्यांदेखत घडत होते. आम्ही त्याला वयाचे नाव दिले होते आणि मोकळे झालो होतो.

आमची एक जुनी विद्यार्थिनी आता डॉक्टर झाली आहे. तिच्याकडे गेलो. तिने सौभाग्यवतींना बाजूला घेऊन जे विचारायचे ते विचारले, आणखी दोन-तीन तपासण्या करवून दुसरे काही दुखणे नाही याची खात्री करून घेतली आणि मग आमच्याकडे वळून म्हणाली, "सर, काकू काय खातात?"

आम्ही ताठ मानेने सांगितले, "आमच्या घरी शुद्ध शाकाहार आहे."

"ते कळलं सर. पण काय खातात?"

या प्रश्नाचे उत्तर आमच्यापाशी नव्हते. संसाराला एकोणतीस वर्षे झाली. समोरचे माणूस दिवसभरात काय खाते हे आम्हांला सांगता येईना. डॉक्टरबाईंनी आठ दिवसांची नोंद मागितली. नोंदवह्या ठेवणे हा तर आमचा पोटापाण्याचा धंदा. त्याच संध्याकाळी शंभर पानी वही आणली, रकाने आखले आणि आमच्या घराचे हजेरीपत्रक सुरू झाले.

त्या वहीतला एक दिवस येथे उतरवून देतो. सकाळी सहाला चहा आणि दोन उस्मानिया बिस्किटे. नऊला पोहे, तेही सर्वांचे झाल्यावर उरले तेवढे. दुपारी दीडला भात, वरचे पातळ वरण, बटाट्याच्या भाजीचा रस. भाजी संपलेली होती. लगेच चहा. चारला पुन्हा चहा. रात्री साडेनऊला एक पोळी, भात, लोणचे. दुसरे दिवशी चतुर्थी, म्हणजे साबुदाण्याची खिचडी आणि रात्री पुन्हा भात. आठ दिवसांत तिच्या ताटात पालेभाजी एकदा पडली, फळ एकदाही नाही. दूध तिच्या वाट्याला यायचे ते चहापुरते. घरात फळे येत नव्हती असे नाही, परंतु ती आमच्या साखरेच्या हिशेबाने, चिरंजीवांच्या आवडीने आणि मातोश्रींच्या दातांच्या सोयीने येत होती.

आमच्या ताटात आणि तिच्या ताटात फरक होता तो हा, की आम्ही पहिले जेवत होतो.

डॉक्टरबाईंनी वही चाळली आणि एवढेच म्हणाल्या, "सर, हे ताट पांढरं आहे." पोहे पांढरे, भात पांढरा, मैदा, साखर, साबुदाणा, बटाटा सारेच पांढरे. मांस त्यात नव्हते हे खरे. परंतु मांस नसले म्हणजे अन्न असतेच असे नाही, हे आम्हांला पन्नाशी उलटल्यावर समजले.

आम्ही ज्या शहरात राहतो तेथे तर अशा अज्ञानाला मुळीच क्षमा नाही. तारनाक्याला राष्ट्रीय पोषण संस्था आहे. तिच्या दारावरून आम्ही शेकडो वेळा बसने गेलो असू. या संस्थेचा जन्म १९१८ साली कुन्नूरला झाला, तोच मुळी पांढऱ्या तांदळापायी. दक्षिणेत बेरीबेरीने माणसे लुळी पडत होती. त्या रोगाच्या शोधासाठी रॉबर्ट मॅक्‌कॅरिसन या डॉक्टरांनी एका खोलीत काम सुरू केले. त्यापूर्वीच जावा बेटात आइकमान या डच डॉक्टरांच्या ध्यानात आले होते, की सडलेला पांढरा भात खाणाऱ्या कोंबड्या लुळ्या पडतात आणि कोंड्यासह तांदूळ दिला की पुन्हा चालू लागतात. १९२९ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. मॅक्‌कॅरिसन यांनी पुढे हिंदुस्थानातील निरनिराळ्या प्रांतांचे आहार उंदरांना घालून पाहिले. कोंड्यासह दळलेल्या गव्हाच्या रोट्या, दूध, लोणी, डाळी, भाज्या आणि क्वचित मांस असा पंजाबकडील शिखांचा आहार ज्या उंदरांना मिळाला ते सर्वांत धष्टपुष्ट निघाले. सडलेल्या तांदळावरचे खुरटले. १९५८ साली संस्था हैदराबादेस आली. ज्या घरातील गृहिणी सडलेल्या तांदळावर जगत होती, त्या घरापासून तिचे अंतर बसने अर्ध्या तासाचे होते!

आमच्या मातोश्री अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत. माहेर देगलूर तालुक्यातले, सासरही तिकडचेच. त्यांच्या तरुणपणीचे ताट आम्ही वहीच्या मागल्या पानावर लिहून घेतले. ज्वारीची भाकरी, तुरीचे किंवा हुलग्याचे कोरड्यास, अंबाडीची भाजी आणि तिच्यात ज्वारीच्या कण्या, कारळाची नाही तर जवसाची चटणी, कांदा, ताक. पावसाळ्यात तांदुळजा, चिवळ, घोळ, पाथरी. हिवाळ्यात हरभऱ्याचा पाला, तोच वाळवून ठेवून उन्हाळ्यात. भात सणाला. हे ऐकताना आमच्या तोंडाला पाणी सुटले आणि जुन्या काळाची थोरवी गाणारा एक लेख मनात आकार घेऊ लागला. मातोश्रींनी तो वेळीच हाणून पाडला. "अरे, सालभर असं मिळायचं का? बहात्तरच्या दुष्काळात तू मांडीवर होतास. लाल मिलो खाल्ली, सुकडी खाल्ली. आणि कोरड्यास संपलं की आम्ही बायका भाकरी पाण्यात बुडवून खायचो." जुन्या ताटात जिन्नस चांगले होते, ते वाढण्याचा क्रम तेव्हाही हाच होता.

आमच्या घरातून भाकरी गेली कशी, याचाही शोध घेतला. कोणी तिला हाकलले नाही. १९८३ साली येथे रामाराव यांच्या सरकारने दोन रुपये किलो दराने तांदूळ देण्यास प्रारंभ केला. गरिबाच्या चुलीवर रोज भात शिजू लागला ही लहान गोष्ट नव्हे, आणि त्या योजनेला नावे ठेवण्याचा पोट भरलेल्यांना अधिकारही नाही. परंतु तेलंगणातल्या गावोगावच्या घरांत जोन्न रोट्ट्याची, म्हणजे आपल्या भाकरीचीच, जागा भाताने घेतली. आम्हां मध्यमवर्गीयांकडे कारण वेगळे. भाकरी थापायला वेळ लागतो, ती गरमच खावी लागते, आणि डब्यात नेली तर सहकाऱ्यांपुढे उघडताना एके काळी लाज वाटे. आता उलटे झाले आहे. २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रसंघाने भरडधान्य वर्ष म्हणून साजरे केले, आणि जी ज्वारी आमच्या आजोबांच्या बळदात पडून असे तीच चकचकीत पिशवीत बसून मोठ्या दुकानात आली. भाव ऐकून मातोश्रींनी कानाला हात लावला.

पोषण संस्थेच्या कोष्टकांत पाहिले तर शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम प्रथिने, सुमारे ४ मिलिग्रॅम लोह आणि १० ग्रॅम चोथा आहे. तेवढ्याच सडलेल्या तांदळात प्रथिने सुमारे ८ ग्रॅम, चोथा ३ ग्रॅमच्या आत आणि लोह एक मिलिग्रॅमही नाही. नाचणीत चुना साडेतीनशे मिलिग्रॅमच्या घरात, म्हणजे तेवढ्याच गाईच्या दुधाच्या जवळजवळ तिप्पट. हे आकडे वाचून आम्ही इतके हर्षभरित झालो, की दुसऱ्याच दिवशी दोन्ही वेळा भाकरीचा हुकूम सोडला. सौभाग्यवतींनी शांतपणे विचारले, "आणि थापायची कुणी? माझं रक्त वाढायचंय ना?"

हुकूम मागे घेतला. सध्याची व्यवस्था अशी आहे : आठवड्यातून चार दिवस आमच्या नाक्यावर संध्याकाळी चूल मांडून बसणाऱ्या बाईंकडून चिरंजीव गरम जोन्न रोट्टे घेऊन येतात, दोन दिवस मातोश्रींच्या देखरेखीखाली चिरंजीव स्वतः थापतात. त्यांच्या भाकरीला तेलंगणाच्या नकाशाचा आकार येतो. चवीत फरक नाही.

आता एक गोष्ट सांगणे भाग आहे, कारण ती न सांगितल्यास वाचक आमच्यासारखीच चूक करतील. धान्यातले आणि पालेभाजीतले सारे लोह अंगी लागत नाही. अख्ख्या धान्यात आणि डाळीत लोहाला धरून ठेवणारे एक द्रव्य असते, ते पोटात सहजासहजी लोह सोडीत नाही. मांसातले लोह त्या मानाने लवकर शोषले जाते. शाकाहारी माणसाने ही अडचण मान्य करूनच पुढे जावे. तथापि तिच्यावरचे उपाय आपल्या स्वयंपाकघरात जुने आहेत. कडधान्याला मोड आणले किंवा पीठ आंबवले की ती पकड सैल होते. जेवणात लिंबू, आवळा, पेरू, कच्चा टोमॅटो, हिरवी मिरची यांपैकी काही असले की लोहाचे शोषण वाढते. मटकीच्या उसळीवर लिंबू पिळण्याची पद्धत ज्या कोणा बाईने पाडली, तिला हे रसायनशास्त्र ठाऊक नसेल. तिने निदान ते मोडले नाही. ते मोडणारी वस्तू म्हणजे चहा. जेवणावर लगेच घेतलेला चहा त्या जेवणातले लोह बरेचसे वाया घालवितो. म्हणून चहा जेवणाच्या आधी वा नंतर निदान तासभर दूर असावा.

जेवणानंतरचा चहा बंद करण्यावरून आमच्या घरात जे झाले ते छापण्याजोगे नाही. दुपारी दीडनंतरचा तो कप हा सौभाग्यवतींच्या दिवसातला एकमेव असा वेळ होता, जेव्हा त्यांना कोणी हाक मारीत नसे. हे त्यांनीच सांगितले तेव्हा आम्हांला कळले. चहा तीनवर गेला. दीडनंतर हाक न मारण्याचा नियम मात्र कायम ठेवला आहे.

प्रथिनांचीही अशीच जोडी आहे. धान्यात जे एक अंश कमी असते ते डाळीत भरपूर, आणि डाळीत जे कमी ते धान्यात पुरेसे. म्हणून वरण-भात, पिठलं-भाकरी, इडली-सांबार या जोड्या. परंतु जोडी म्हणजे दोघांचीही पुरेशी उपस्थिती हवी. भारतीय वैद्यक संशोधन परिषद आणि पोषण संस्था यांनी २०२४ साली नव्या आहारविषयक सूचना काढल्या. त्यांत दोन हजार उष्मांकांच्या दिवसभराच्या ताटात धान्य २५० ग्रॅम, डाळी-कडधान्ये ८५ ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, फळे १०० ग्रॅम, दाणे-तीळ वगैरे ३५ ग्रॅम, दूध ३०० मिलिलिटर आणि तेल-तूप २७ ग्रॅम सांगितले आहे. सौभाग्यवती म्हणाल्या, "ग्रॅम नका सांगू, वाट्या सांगा." शाळेच्या प्रयोगशाळेतला तराजू घरी आणणे नियमात बसत नाही, म्हणून वाणीदादांकडे वाटी नेऊन तोलून घेतली. आमच्या वाटीत कोरडी डाळ १२० ग्रॅम मावते. म्हणजे माणशी जवळजवळ पाऊण वाटी डाळ रोज. आमच्याकडे चार माणसांत दिवसाकाठी एक वाटी शिजत होती, आणि तिच्यातले घट्ट वरण वरच्या तिघांकडे जाऊन चौथीला पाणी मिळत होते. धान्य आम्ही ठरल्याच्या दीडपट खात होतो आणि भाजी निम्मीही नाही. वाचकांनी एकदा आपल्या घरची वाटी तोलून पाहावी. महागाईची तक्रार आम्हीही करतो. पण दर रविवारी मेहदीपट्टणमच्या रैतू बाजारातून अंबाडी, पालक, शेवग्याचा पाला, गवार, भोपळा एवढे आणूनही महिनाअखेर खर्च फारसा वाढला नाही, कारण बिस्किटे आणि फरसाण घटले. अंबाडीला येथे गोंगूरा म्हणतात. विकणारी अम्मा तिची पचडी कशी करायची ते सांगते, सौभाग्यवती तिला कण्या घालून भाजी सांगतात. दोघींना एकमेकींची भाषा निम्मीच येते.

आता आमच्या स्वतःच्या कागदाकडे वळू. साखर जिथल्या तिथे असली तरी तळपायांना मुंग्या येत होत्या. डॉक्टरबाईंनी ब-१२ जीवनसत्त्वाची तपासणी करविली, तेही तळाला. हे जीवनसत्त्व सूक्ष्म जंतू तयार करतात. ते दुधात, अंड्यात, मांसात असते. भाजीत, धान्यात, डाळीत नसते. त्यात साखरेसाठी आम्ही सात वर्षे घेत असलेली मेटफॉर्मिनची गोळी दीर्घकाळ चालल्यास ते आणखी घटविते. शाकाहार हा आमच्या वाडवडिलांचा वारसा आहे आणि आम्हांला तो सोडावयाचा नाही. परंतु त्यात एक भोक आहे, ते दूध-दह्याने आणि आवश्यक तेथे गोळीने बुजवावे लागते. आम्ही गोळी घेतो. त्यात धर्म बुडत नाही.

याच संदर्भात शाळेतली एक गोष्ट. सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ रोजी सरकारी शाळांतून शिजवलेले अन्न देण्याचा आदेश दिला, तेव्हापासून मध्यान्ह भोजन हे आमच्या कामाचा भाग आहे. मुलांना वाढण्यापूर्वी शिक्षकाने चव घ्यावी असा नियम आहे. अंड्याच्या दिवशी आम्ही भात आणि सांबार चाखतो आणि अंडे सहकाऱ्याकडे सरकवितो. चौथीतल्या एका मुलाने हे हेरले. "सार्, मीरु गुड्डु तिनरा?" तुम्ही अंडे खात नाही का? आम्ही म्हटले, आमच्या घरी खात नाहीत. त्याने विचारले, मग तुमच्या घरी काय खातात? डॉक्टरबाईंचा प्रश्न पुन्हा, आणि तोही तेलुगूत!

त्या मुलाच्या घरी रात्री भात आणि चिंचेचे सार असते, हे आम्हांला ठाऊक आहे. त्याच्या दृष्टीने ते एक अंडे म्हणजे सहा ग्रॅम उत्तम प्रथिन आणि आमच्या पायांना जे हवे होते ते जीवनसत्त्व. शाळेच्या ताटातून अंडे काढा म्हणणारे सज्जन अधूनमधून भेटतात. आम्ही स्वतः त्याला हात लावीत नसूनही त्यांच्या बाजूला उभे राहू शकत नाही. ज्याच्या घरी दूध आहे त्याने दूध प्यावे. ज्याच्या घरी नाही त्याच्या ताटातले काढून घेणारे आपण कोण? घरी चिरंजीवांनी अंडे शिजविण्याची परवानगी मागितली तेव्हा हाच युक्तिवाद आमच्यावर उलटविला. ते व्यायामशाळेत जातात. आता गच्चीच्या खोलीत त्यांची वेगळी कढई आहे. मातोश्रींना हे ठाऊक आहे असे आम्हांला वाटते. त्या गच्चीवर जात नाहीत.

उपवासाविषयी थोडक्यात. साबुदाणा हा सालेमकडच्या कारखान्यांत कंदापासून काढलेला निव्वळ स्टार्च आहे. त्यात प्रथिने आणि लोह नसल्यातच जमा. महिन्यातून चार-पाच उपवास करणाऱ्या बाईने ते सारे साबुदाण्यावर काढावेत यात पुण्य असेल, रक्त नाही. राजगिरा, वरी, शेंगदाणे, ताक, फळे हेही उपवासाचेच जिन्नस आहेत. आमच्याकडे साबुदाणा महिन्यातून एकदा होतो, कारण तो चवीला उत्तम लागतो हे नाकारून कसे चालेल?

या सर्वांत अवघड गेले ते ताट बदलणे नव्हे, तर ताट मांडण्याची वेळ बदलणे. आम्ही सांगितले, आजपासून सर्वांनी एकदम बसायचे. सौभाग्यवती हो म्हणाल्या आणि वाढीत राहिल्या. दुसरे दिवशी तेच. "सवय नाही हो, घास उतरत नाही." आम्ही वाढायला उठलो तर त्यांचाही हात थांबे. आठवडाभर हे नाटक चालले. मग एके रात्री मातोश्रींनी स्वतःचे ताट पुढे सरकविले आणि म्हणाल्या, "सूनबाई, तू बसल्याशिवाय मी खाणार नाही. मी सगळ्यांत शेवटी जेवत आले ते कुणी सांगितलं म्हणून नव्हे, कुणी विचारलं नाही म्हणून." आमचे वडील जाऊन बारा वर्षे झाली. चाळीस वर्षे त्या शेवटी जेवल्या, आणि त्यांतली निदान वीस वर्षे आम्ही हात धुऊन वर्तमानपत्र वाचीत तेथेच बसलेलो होतो.

सौभाग्यवती बसल्या. भांडी मधोमध ठेवली, ज्याने त्याने वाढून घेतले. घट्ट वरण आधी त्यांच्या ताटात, असे चिरंजीवांनी ठरवून टाकले.

तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी झाली. आकडा १०.६ आला. डॉक्टरबाईंनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या चालू होत्या आणि वाढीचे मोठे श्रेय त्यांचेच, हे त्यांनी स्पष्ट सांगितले. इतक्या खाली गेलेले रक्त केवळ आहाराने लवकर वर येत नाही. गोळ्या थांबल्यावर ते टिकवायचे काम ताटाचे. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के रक्तक्षयी आढळल्या. त्यांत सामिष घरांतल्याही असणार आणि आमच्यासारख्या घरांतल्याही.

वही अजून चालू आहे. लिहिण्याचे काम आता सौभाग्यवतींनी स्वतःकडे घेतले आहे आणि रकान्यांत आमच्याही नावाचा एक वाढविला आहे. कालच्या पानावर आमच्या रकान्यात "दुपारी दीड, चहा, लपून" अशी नोंद आहे. पुढची तपासणी श्रावणात आहे.